एटीव्हीच्या मागच्या एक्सलचे बेअरिंग वारंवार जाते : कारणाचा शोध आणि दुरुस्ती

पन्हाळ्याच्या वाटेवर असलेल्या एका शेतघरात पाहुण्यांना फिरवण्यासाठी ठेवलेली, चेनवर चालणारी एक एटीव्ही (फुगीर टायरांची, कच्च्या वाटेवर चालणारी उघडी चारचाकी) गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातील आमच्या लेथशॉपमध्ये तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा तक्रार एकच होती. मागचे उजवे चाक डगमगते, एक्सलमधून खरखर ऐकू येते, आणि नवी बेअरिंग घातली की जेमतेम तीन आठवडे सुखाचे जातात. पहिल्या दोन खेपांना आम्ही बेअरिंग आणि ऑइल सील बदलून गाडी परत दिली, आणि ती चूक आमचीच होती, कारण बेअरिंग का गेले हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. तिसऱ्या खेपेस एक्सल पूर्ण उतरवून प्रत्येक भाग मापून पाहिला तेव्हा जे आढळले ते येथे क्रमाने लिहितो. ज्या एटीव्हीला मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग एक्सल असतो, तिच्यासाठीच हे लागू आहे. प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आणि स्वतंत्र शाफ्ट असलेल्या मोठ्या गाड्यांची रचना वेगळी असते.

आधी रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा दोष या रचनेतूनच उलगडतो. सलग एक्सल स्विंगआर्मला, म्हणजे मागची चाके धरून वरखाली हलणाऱ्या भुजेला, बसवलेल्या एका हाउसिंगमधून (नळीसारख्या कवचातून) आरपार जातो. हाउसिंगच्या दोन्ही तोंडांशी एकेक बॉल बेअरिंग असते, त्याच्या बाहेर ऑइल सील असते, आणि दोन बेअरिंगांच्या मध्ये एक्सलवर ओवलेली एक लोखंडी नळी असते. या नळीला आपल्याकडे स्पेसर म्हणतात. एका बाजूला एक्सलवरच कोरलेला खांदा आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांवर आवळलेले दोन मोठे नट, यांच्यामध्ये पहिले बेअरिंग, स्पेसर, दुसरे बेअरिंग आणि स्प्रॉकेटची (चेनच्या दातेरी चाकाची) हब असा सगळा संच दाबून धरलेला असतो. चाकांच्या हब एक्सलच्या दोन टोकांना स्प्लाइनवर, म्हणजे एक्सलवर कोरलेल्या लांबट दात्यांवर, बसतात आणि त्यांचे नट वेगळे असतात; त्यांना स्प्लिट पिन असते. या दोन प्रकारच्या नटांची गल्लत करू नये.

येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी. ज्या यंत्रात बेअरिंगची आतली कडी शाफ्टबरोबर फिरते आणि भार एकाच दिशेने येत राहतो, तेथे ती कडी शाफ्टवर ठोकून, म्हणजे घट्ट फिटमध्ये बसवण्याची रीत आहे. एटीव्हीचा एक्सल मात्र काढता-घालता यावा म्हणून त्याची बैठक, म्हणजे बेअरिंग बसते तो भाग, बेअरिंगच्या भोकापेक्षा एखाद-दुसरा शतांश मिलिमीटर कमी ठेवलेली असते आणि बेअरिंग हाताने सरकवता येते. मग आतली कडी एक्सलवर घसरू नये हे काम कोण करते? ते काम पूर्णपणे त्या दोन मोठ्या नटांचे आहे. नट पूर्ण ताणाने आवळलेला असेल तरच खांदा, कड्या आणि स्पेसर एकजीव होऊन फिरतात. नट किंचित जरी ढिला राहिला, तरी एक्सल पुढे आणि कडी मागे अशी रोज थोडीथोडी घसर सुरू होते, आणि कडक पोलादाची ती कडी एक्सलची बैठक कानशीसारखी घासत जाते.

गाडी उघडण्यापूर्वी करायच्या तपासण्या

मागचा भाग जॅकवर उचलून फ्रेमखाली मजबूत घोडे लावावेत. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालू नये. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवावे, नंतर पुढून आणि मागून धरून तसेच करावे. चाक हलते पण एक्सल स्थिर आहे, असे दिसले तर दोष हबच्या स्प्लाइनमध्ये किंवा हबच्या नटात आहे. चाकाबरोबर एक्सलही हाउसिंगच्या तोंडाशी हलत असेल तर बेअरिंग किंवा त्याची बैठक गेलेली आहे. स्प्लाइनची खात्री करण्यासाठी मागचा ब्रेक दाबून धरायला कोणाला तरी सांगावे आणि चाक गोल फिरवण्याच्या दिशेने मागे-पुढे झटकावे. ब्रेक घट्ट असूनही चाक थोडे फिरत असेल आणि ‘टक टक’ असा आवाज येत असेल, तर स्प्लाइनचे दाते खाल्ले गेले आहेत. हबच्या मुळाशी तांबूस, कोरडी भुकटी साचलेली दिसली तरी हाच अर्थ घ्यावा. ती माती नसते, घासल्या गेलेल्या पोलादाचा गंज असतो. आपल्याकडच्या तांबड्या मातीत ती सहज चुकते, म्हणून आधी फडक्याने पुसून, गाडी एकदा चालवून पुन्हा पाहावे.

चाक डोलते तेव्हा रिम वाकडी आहे की एक्सल, यावरून नेहमी वाद होतो. त्याचा निकाल लावण्याची एक साधी पद्धत आहे. स्विंगआर्मला एक जाड तार बांधून तिचे टोक रिमच्या कडेजवळ आणावे, चाक सावकाश फिरवावे आणि कड जेथे तारेच्या सर्वांत जवळ येते तेथे रिमवर आणि हबच्या त्या बाजूच्या बोल्टवर खडूने खूण करावी. आता चाक काढून एका बोल्टाचे अंतर सोडून पुन्हा बसवावे. उंचवटा रिमवरच्या खुणेबरोबर सरकला तर रिम वाकडी आहे. तो बोल्टावरच्या खुणेपाशीच राहिला तर हब किंवा एक्सल वाकलेला आहे. या तपासणीला दहा मिनिटे लागतात आणि एक्सल उतरवण्याचा व्याप बऱ्याचदा वाचतो.

चेनही बरेच सांगते. एका फेऱ्यात चेन एकदा ताठ आणि एकदा सैल होत असेल तर एक्सल वाकलेला असण्याची किंवा स्प्रॉकेट एककेंद्री नसण्याची शक्यता असते. अशा वेळी सैल जागी ताण बसवला तर ताठ जागी चेन एक्सलला ओढून धरते आणि तो भार थेट बेअरिंगवर येतो. म्हणून चेनचा ताण नेहमी सर्वांत ताठ जागीच मोजावा.

या गाडीत काय सापडले

एक्सल बाहेर काढल्यावर प्रथम जुनी बेअरिंग फोडून पाहिली. ती ६२०६ क्रमांकाची, म्हणजे आतला व्यास ३०, बाहेरचा ६२ आणि रुंदी १६ मिलिमीटर अशी होती, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली. ग्रीस काळवंडले होते, पण त्यात पाण्याचा दुधाळपणा नव्हता. म्हणजे पावसाचे पाणी हा मुख्य गुन्हेगार नव्हता. गोळ्यांच्या वाटेकडे पाहिल्यावर मात्र मी थांबलो. निरोगी बेअरिंगमध्ये गोळ्यांची वाट खाचेच्या मध्यावर एकसारखी चकचकीत असते. येथे ती दोन्ही बेअरिंगांत एका कडेला सरकलेली होती, आणि आतल्या कडीच्या भोकात गोल ओरखडे व निळसर डाग होते. म्हणजे एकाच बेअरिंगमध्ये परस्परांच्या विरुद्ध अशा दोन खुणा होत्या. कडेला सरकलेली वाट सांगत होती की कडी बाजूने जोराने दाबली गेली, आणि भोकातले ओरखडे सांगत होते की कडी ढिली होऊन एक्सलवर फिरली.

हे कोडे मी नव्हे, गाडी घेऊन आलेल्या शेतघरातल्या मुलाने सोडवले. नट कोण आवळतो, असे विचारल्यावर तो सहजपणे म्हणाला, “नट फुल्ल टाईट केला की चाक जाम हुतंय काका, म्हणून मी अर्धा आटा मागं घेतोय.” तो दर आठवड्याला इमानाने गाडी तपासत होता आणि चाक जड फिरते असे दिसले की नट सोडत होता. त्याने जे केले ते त्याच्या दृष्टीने बरोबरच होते. प्रश्न असा होता की नट आवळल्यावर चाक जाम व्हावेच का?

उत्तर स्पेसरमध्ये होते. हाउसिंगमध्ये बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या ज्या दोन खांद्यांना टेकतात, त्यांमधले अंतर डेप्थ गेजने मोजले तर ते ९२.०० मिलिमीटर भरले. स्पेसरची लांबी भरली ९१.५५. मूळ स्पेसर गंजून गेल्यावर कोणीतरी पाइपचा तुकडा कापून, तोंडे हाताने कानसून बसवला होता, आणि त्याची दोन तोंडे एकमेकांना समांतरही नव्हती. जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरच्या या तुटीमुळे नट आवळला की दोन्ही आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जात, पण बाहेरच्या कड्या खांद्यांना अडून जागेवरच राहत, आणि मधल्या गोळ्या तिरक्या दाबात चेपल्या जात. नट आवळावा तर बेअरिंग तापते आणि सोडावा तर कडी घसरून एक्सल झिजतो, अशी ती अडचण होती. अशा स्थितीत कितीही चांगल्या प्रतीचे बेअरिंग घातले तरी ते टिकणे शक्यच नव्हते.

झीज किती झाली होती तेही सांगतो. डाव्या बैठकीचा व्यास २९.९८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नव्यासारखा होता. उजव्या बैठकीचा व्यास २९.८६ होता, आणि तोही सगळीकडे सारखा नव्हता. एवढ्या फटीत नवे बेअरिंग हातात धरूनसुद्धा खुळखुळल्यासारखे वाटते. पुढे एक्सल दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून, उजव्या हबच्या बैठकीवर डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे माप) लावून सावकाश फिरवला तर काटा १.८ मिलिमीटर फिरला. येथे एक नेहमीची चूक टाळावी. डायलचा पूर्ण फेरफार हा वाकाच्या दुप्पट असतो, म्हणजे एक्सल प्रत्यक्षात ०.९ मिलिमीटर वाकलेला होता. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा ही बहुधा डायलच्या पूर्ण फेरफाराची असते, म्हणून तुलना करताना काय कशाशी ताडतो आहोत ते पाहावे.

वाक कशामुळे आला याचा शोध घेतला तेव्हा टायरकडे लक्ष गेले. एटीव्हीचे फुगीर टायर अगदी कमी दाबावर, साधारणपणे ४ ते ७ पीएसआयवर चालण्यासाठी केलेले असतात आणि अचूक आकडा टायरच्या बाजूवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. या गाडीच्या मागच्या टायरमध्ये २२ पीएसआय हवा होती, कारण हवा भरणाऱ्याने ती स्कूटरच्या सवयीने भरली होती. एवढ्या दाबाचा टायर दगडावर दबत नाही आणि सगळा धक्का एक्सलच्या टोकावर जातो. शिवाय सलग एक्सलला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसल्याने वळणावर दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरतात आणि आतल्या चाकाला थोडे घसरावेच लागते. शेतातल्या मऊ मातीत ते सहज घसरते. पन्हाळ्याच्या परिसरातल्या जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर किंवा डांबरावर ते सहजी घसरत नाही, आणि तो पीळ एक्सलवर व स्प्लाइनवर येतो. त्यातच एकाच स्वारासाठी बनवलेल्या गाडीवर मागे आणखी एकाला बसवले जात होते. ही तिन्ही कारणे एकत्र आल्यावर एक्सल वाकला याचे मला नवल वाटले नाही.

कोणती दुरुस्ती करू नये

झिजलेल्या बैठकीवर सेंटर पंचाने ठिपके मारून ती ‘उठवण्याची’ पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. ठिपक्यांभोवतीची उचललेली कड बेअरिंगला दोन-चार दिवस धरते, मग चेपली जाते. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक ठिपका ही तडा सुरू होण्याची तयार जागा असते, आणि ती नेमकी एक्सलच्या सर्वाधिक वाकणाऱ्या भागात केली जाते. मोटारपंपाच्या शाफ्टवर हे कदाचित खपेल, पण माणूस वाहून नेणाऱ्या एक्सलवर ते करू नये, असे मला ठामपणे वाटते.

वेल्डिंगने भर घालून पुन्हा टर्निंग करणे हाही मार्ग सुचवला जातो. एक्सलचे पोलाद मध्यम कार्बनचे आणि मिश्रधातूचे, उष्णता देऊन कडक केलेले असते. वेल्डच्या शेजारचा पट्टा झटकन थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो आणि त्याच्या पलीकडच्या भागाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते. बाहेरून एक्सल नव्यासारखा दिसतो आणि काही दिवसांनी त्या पट्ट्यातून सरळ तुटतो. तुटलेल्या अशा एक्सलचे तोंड पाहिले तर त्यावर शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेषा दिसतात. तडा रोज थोडाथोडा पुढे सरकत होता याचा तो पुरावा असतो.

बैठक टर्निंगने बारीक करून तिच्यावर स्लीव्ह (पातळ नळी) ठोकावी का, असा प्रश्न गाडीच्या मालकांनी विचारला. तो रास्त होता, कारण ऑइल इंजिन आणि गुऱ्हाळाच्या चरकांच्या दुरुस्तीतून शिकलेल्या कोल्हापूरच्या कारागिरांनी असंख्य शाफ्ट स्लीव्ह घालून वाचवले आहेत. त्यांना मी हिशेब मांडून दाखवला. गोल शाफ्टची वाक सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. दीड मिलिमीटर जाडीच्या स्लीव्हसाठी ३० मिलिमीटरचा एक्सल २७ वर आणावा लागतो आणि त्या जागी ताकद सुमारे २७ टक्क्यांनी घटते. वरून ठोकलेली स्लीव्ह ती तूट भरून काढत नाही. चरकाचा शाफ्ट मुळात भरपूर जाड असतो, म्हणून तेथे ही पद्धत चालते. एटीव्हीच्या एक्सलमध्ये तेवढी शिल्लक नसते.

झीज ०.१ मिलिमीटरच्या आत असेल, एक्सल सरळ असेल आणि कोठेही तडा नसेल, तर बेअरिंग पक्के करण्यासाठी मिळणारे रिटेनिंग कंपाउंड लावून काम भागवता येते. त्यासाठी बैठक आणि कडी तेलकटपणा पूर्ण काढून कोरडी करावी आणि कंपाउंड सुकेपर्यंत गाडी हलवू नये. तडा शोधण्यासाठी डाय पेनिट्रंट वापरावे : लाल रंग फवारून, थांबून, पुसून वर पांढरा डेव्हलपर मारला की तडा असेल तेथे लाल रेघ उमटते. खांद्याचा कोपरा आणि स्प्लाइन जेथे संपतात ती जागा या दोन ठिकाणी विशेष बारकाईने पाहावे. थंड अवस्थेत प्रेसवर एक्सल सरळ करता येतो हे खरे, पण एकदा वाकून सरळ केलेल्या पोलादात आतले ताण उरतात आणि तो पुन्हा त्याच जागी वाकण्याचा संभव राहतो. म्हणून या गाडीत वाक आणि झीज दोन्ही असल्यामुळे नवा एक्सलच घालायचा निर्णय घेतला.

नवा एक्सल आणि जोडणी

तयार एक्सल मिळत असेल तर तोच घ्यावा. या गाडीचा सुटा भाग मिळेना, म्हणून आम्ही तो येथेच तयार केला. त्यासाठी ईएन २४ या निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा, आधीच उष्णता देऊन योग्य कणखरपणावर आणलेला बार घेतला. स्वस्तातला ईएन ८ टर्निंगला सोपा पडतो, पण त्याची ताकद बरीच कमी असते. दोन सेंटरमध्ये धरून टर्निंग केले, बेअरिंगच्या बैठकी ग्राइंडिंगसाठी थोड्या मोठ्या ठेवल्या आणि शेवटी त्या २९.९९ वर आणल्या. खांद्याच्या कोपऱ्यात टूलची धारदार खाच न ठेवता ०.८ मिलिमीटरची गोलाई दिली. ही गोलाई कितीही मोठी देऊन चालत नाही. ६२०६ बेअरिंगच्या कोपऱ्याची गोलाई किमान १ मिलिमीटर असते आणि शाफ्टची गोलाई त्याहून मोठी झाली तर बेअरिंग खांद्याला न टेकता त्या गोलाईवरच चढून बसते. स्प्लाइन जुन्या हबवर घालून जुळवण्याऐवजी हबही नव्या घेतल्या, कारण खाल्लेल्या दात्यांची हब नवे स्प्लाइन काही महिन्यांत खाते.

स्पेसर जाड नळीचा करून, दोन्ही तोंडे एकाच धरणीत समांतर करून, ९२.०५ मिलिमीटर लांबीचा ठेवला. खांद्यांच्या अंतराएवढा किंवा त्याहून केसभर लांब असाच स्पेसर असावा. कमी कधीही नको. बेअरिंग हाउसिंगमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या कडीवर द्यावा. पहिले बेअरिंग खांद्याला पूर्ण टेकेपर्यंत बसवावे, मग स्पेसर घालावा, आणि दुसरे बेअरिंग त्याची आतली कडी स्पेसरला जेमतेम टेकेपर्यंतच आत न्यावे. ते खांद्यापर्यंत ठोकत नेले तर पुन्हा तोच बाजूचा दाब निर्माण होतो, आणि सगळी मेहनत वाया जाते. सीलच्या ओठांना ग्रीस लावून एक्सल सरकवावा.

मोठे नट पुस्तिकेत दिलेल्या ताणाला टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजून दाखवणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. छिन्नी-हातोड्याने ठोकून आवळलेल्या नटाचा ताण कोणालाच सांगता येत नाही, आणि नटाची कड चेपते ती वेगळीच. आटे पुसून थ्रेड लॉक (नट ढिला होऊ न देणारा द्रव) लावावे, आतला नट आवळावा, मग बाहेरचा त्याच्यावर आवळावा. यानंतर एक्सल हाताने फिरवून पाहावा. नट पूर्ण ताणावर असताना तो हलका आणि एकसारखा फिरला पाहिजे. तसा फिरत नसेल तर नट सोडून चालवू नये. संच पुन्हा उघडून स्पेसर मापावा. स्विंगआर्ममध्ये हाउसिंग फिरवून चेनचा ताण बसवण्याची सोय असेल तर त्याचे पकड-बोल्ट शेवटी आवळायला विसरू नये, कारण ते ढिले राहिले तर हाउसिंग स्विंगआर्मला कोरत राहते.

शेवटी दोन्ही नट आणि एक्सल यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढून दिली आणि त्या मुलाला सांगितले की आता नटाला पाना लावायचा नाही, फक्त सकाळी ती रेघ पाहायची. ती तुटलेली दिसली तर गाडी बाहेर काढायची नाही आणि आम्हाला कळवायचे. पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर आम्ही स्वतः ताण पुन्हा तपासला. टायरची हवा ५ पीएसआयवर आणली आणि त्यासाठी कमी दाब दाखवणारे वेगळे गेज घ्यायला लावले, कारण नेहमीच्या गेजवर एवढा कमी दाब विश्वासाने वाचता येत नाही. धुताना प्रेशरच्या पाण्याचा झोत सीलवर सरळ मारायचा नाही, हेही सांगितले. दिवाळीनंतर गाडी चेन बदलण्यासाठी आली तेव्हा मी आधी वाकून नट पाहिला. रेघ सलग होती, चाकाला हात लावल्यावर कोठेही हालचाल जाणवली नाही, आणि त्या दिवशी फक्त चेनचेच काम केले.